साडेबाराची सावली

धारणी तालुक्यातल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मी एकटाच. शंका आली तर विचारायचं कुणाला? म्हणून विदर्भातल्या खेड्यांमधले आम्ही काही विज्ञान शिक्षक रात्री ऑनलाइन भेटतो. तिथेच ठरलं: २१ मार्चला धारणी आणि सिरोंचा, दोन्हीकडे एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली मोजायची आणि प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसच्या रीतीने, म्हणजे दोन ठिकाणच्या सूर्यकिरणांच्या कोनांतला फरक आणि मधलं अंतर यांवरून, पृथ्वीचा परीघ काढायचा. दोन्हींमधलं दक्षिणोत्तर अंतर साधारण ३०० किलोमीटर.

शाळा सकाळची, तरी सातवीची मुलं थांबली. ओळंबा लावून काठी उभी केली. घड्याळात बारा वाजताच मी पट्टी लावली. ४१ सेंटिमीटर. काठीजवळ बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, सावली तर अजून लहान होऊन राहिली."

"बारा वाजले बेटा, झालं आता. लिहून घे."

रात्री रेंजसाठी गच्चीवर बसलो. सिरोंच्याच्या मॅडमची सावली ३३.३. हिशेब मांडला तर परीघ जेमतेम २८ हजार किलोमीटर! हवा होता ४० हजार. मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही बाराची सावली घेतली की सगळ्यात लहान?" त्यांनी पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी खुणा केल्या होत्या. सर्वांत लहान सावली सव्वाबारानंतर आली होती.

मग उलगडा झाला. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने. धारणी ७७ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथे सूर्य २२ मिनिटं उशिरा. मार्चमध्ये पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे आणखी सातेक मिनिटं. आमची खरी मध्यान्ह साडेबाराला! चौदा वर्षं मी मुलांना मध्यान्ह बाराला असंच शिकवत आलो. त्या पोरीने डोळ्यांनी पाहून सांगितलं, तेही ऐकलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं ठरलं. सूर्य उत्तरेला किंचित सरकला असला तरी दोन्ही गावांसाठी सारखाच, फरक तोच राहतो. आधी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "काल तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." खुणांचं काम तिच्याकडेच दिलं. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा.

साडेबाराला ३७.८. सिरोंच्याहून निरोप आला, ३२.५. परीघ ३९,९६० च्या आसपास! मुलांनी एकच गलका केला. ती मात्र काठीजवळच होती, पुढचा खडा हातात घेऊन.

"सर, आता वाढून राहिली."