वायांग बघायचा तर पहाटेपर्यंत

इंडोनेशियातल्या जावा बेटावर येणारे आपले बहुतेक पाहुणे वायांग कुलितला, म्हणजे महाभारताच्या कथांवरच्या चामडी बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाला, रात्री नऊला येऊन बसतात, अकराला कंटाळून उठतात आणि खरा खेळ तिथेच चुकवतात. दशावताराला रात्र जागवणाऱ्यांनी तरी असं करू नये.

खेळाचे तीन टप्पे असतात. साधारण नऊ ते बारा दरबार, मसलती आणि जड जावानीज भाषेतले लांबलचक संवाद. या वेळात पडद्याच्या सावलीच्या बाजूला बसा. म्हशीच्या चामड्यावरची जाळीदार कोरीव नक्षी तिथूनच उठून दिसते. मध्यरात्रीच्या सुमारास गोरो-गोरो हा विनोदी भाग येतो: सेमार आणि त्याची मुलं गारेंग, पेत्रुक, बागोंग. गाणी, थट्टा, गावातल्या ताज्या घडामोडींवर टोमणे. हे चौघे महाभारतातले नाहीत, जावाचे स्वतःचे आहेत आणि लोक त्यांच्यासाठीच जागतात.

आता उठून दालांगच्या, म्हणजे सूत्रधाराच्या बाजूला या. जोडे बाहेर काढा आणि गामेलानच्या, म्हणजे साथीच्या वाद्यवृंदाच्या, वाद्यांवरून चुकूनही पाय टाकून जाऊ नका, तो मोठा अपमान समजतात. दालांगचे हात बघाच. पडद्याच्या तळाशी केळीची खोडं आडवी टाकलेली असतात, बाहुलीला लावलेल्या, शिंगापासून केलेल्या काठीचं टोक तो त्यात खुपसतो. गर मऊ आणि ओला असल्याने बाहुली कलती असली तरी पडत नाही. दोन्ही हात गुंतले की पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा धरून तो बाहुल्यांच्या लाकडी पेटीवर टक-टक आपटतो. वादकांना चाल बदलायची खूण त्यावरून मिळते. रात्रभर तो जागचा हलत नाही. सगळ्या पात्रांचे आवाज त्याचेच.

पुढे चाकिल राक्षसाची लढाई लागते. तो स्वतःच्याच क्रिसने, म्हणजे जावानीज खंजिराने, मरतो. कथा मात्र आपल्या महाभारताशी ताडून बघत बसू नका, गोंधळ उडेल. इथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, तर स्रिकांदी, म्हणजे आपला शिखंडी, स्त्री आहे आणि अर्जुनाची बायको.

गावातला खेळ लग्नाचा असो की ग्रामशुद्धीच्या विधीचा, बघायला सहसा कुणालाही मज्जाव नसतो. बसायला चटई आणि पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर घ्या. रात्र काढणं शक्यच नसेल तर योग्यकार्ताच्या सोनोबुदोयो संग्रहालयात छोटे प्रयोग होतात, वार आणि वेळ आधी विचारून घ्या. पहाटे गुनुंगान, ती डोंगराच्या आकाराची मोठी बाहुली, पडद्याच्या मधोमध रोवली की खेळ संपला.