तुम्ही विचारलंत म्हणून : घरची एस्प्रेसो आज आंबट, उद्या कडू का?

“मशीन चांगलं आहे, बियाही ताज्या आणतो, तरी एस्प्रेसो आज आंबट तर उद्या कडू. मोठं मशीन घेऊ का?” मी घरी कॉफी भाजतो हे कळलं की लोक हमखास हे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : मशीन आहे तेच राहू द्या. 9 बार दाब आणि 92-94 अंशांचं पाणी एवढं त्याला जमत असेल, तर त्याचा दोष नाही. चव ठरते त्याआधी, बिया भाजताना आणि बास्केट (मशीनच्या हँडलमधली, पूड भरायची जाळीची वाटी) भरताना. यातलं बास्केट भरणं आधी सुधारा, कारण ते रोज बदलत असेल तर भाजणं बरं झालं की वाईट, हे कळायला मार्गच उरत नाही.

चमच्याने मोजणं बंद करा. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. बास्केट 18 ग्रॅमचं असेल तर बिया 18 ग्रॅम मोजा आणि दळून झाल्यावर पूड पुन्हा मोजा. ती 17.4 भरली, तर उरलेली ग्राइंडरमध्ये अडकली आहे आणि उद्याच्या कपात शिळी होऊन उतरणार आहे. यावर साधा इलाज म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून त्या हलवायच्या. दळताना तयार होणारी स्थिर वीज त्याने कमी होते आणि पूड भिंतींना चिकटत नाही. ओरेगन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं. घरोघरी लोक हे आधीपासून करत होते, पण कारण कळलं की हात विश्वासाने चालतो.

मग बारीक सुयांनी पूड तळापासून मोकळी करा. 2005 साली जॉन वाईस यांनी सुचवलेली ही युक्ती अजूनही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. गुठळी राहिली की पाणी तिला वळसा घालून सैल जागेतून धावतं. तिथली कॉफी कडू होते, बाकीची कच्ची राहते आणि एकाच घोटात आंबट-कडू दोन्ही लागतं. टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, किती जोरात दाबला यापेक्षा तो सपाट बसला का, हे बघा. पूड जास्त झाली का, हे तपासायला दाबलेल्या कॉफीवर एक नाणं ठेवा, हँडल मशीनला लावा आणि काढा. नाणं आत रुतलं असेल तर वर जागा उरलेली नाही. अर्धा ग्रॅम कमी करा. पुढे 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरेल असं दळण जुळवा. फार लवकर उतरली तर बारीक करा, रेंगाळली तर जाडसर. वजनाला हात लावू नका.

एवढं होऊनही आंबट लागली, तर आता खुशाल भाजण्याकडे बोट दाखवा.

मी बहुतेक वेळा चिकमगळूरच्या एस 795 या अरेबिका बिया भाजतो. कच्च्या बीत 10-12 टक्के ओल असते. ती जाईपर्यंत बी पिवळी होते, वास गवताचा येतो, मग भाजलेल्या पावाचा. साधारण 200 अंशांच्या आसपास लाह्या फुटल्यासारखा आवाज सुरू होतो, तो पहिला तडका. तो यायच्या जरा आधी मी आच उतरवतो, म्हणजे पुढचा टप्पा घाईत उरकत नाही. फार उतरवली तर चव सपाट होते, म्हणून बेताने. एकूण भाजणं दहा मिनिटांचं असेल तर आवाज सुरू झाल्यावर दोनेक मिनिटं द्या. फिल्टर पेपरच्या कॉफीला याहून कमी चालतात. एस्प्रेसोचा अर्क इतका दाट असतो की तिथली छान आंबूस चव इथे बोचते. दुसरा, बारीक चुरचुरणारा तडका सुरू व्हायच्या आत बिया उतरवा आणि चाळणीत घालून पंख्यासमोर झटपट गार करा. पुढे गेलात तर तेल बाहेर येतं आणि कडवटपणा सगळं झाकतो.

इथेही काटा उपयोगी पडतो. 200 ग्रॅम कच्च्या बिया भाजून 170 च्या आसपास उतरल्या, तर एस्प्रेसोसाठी ठीक. 176 भरल्या तर बहुधा घाई झाली. पुढच्या खेपेला आवाजानंतर अर्धा मिनिट वाढवा आणि बाकी काही बदलू नका. रंगावर विसंबू नका, स्वयंपाकघरातला दिवा फसवतो.

भाजून झाल्यावर आठवडाभर थांबा. ताज्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो पाण्याला पुडीत नीट मुरू देत नाही. क्रेमा, म्हणजे वरचा फेस, भरपूर दिसतो आणि कप पोकळ लागतो. हे थांबणं कोणालाच आवडत नाही, पण त्याला पर्याय नाही.

आंबटपणा मुळातच नको असेल, तर मॉन्सून्ड मलबार आणा. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारं खाऊन फुगलेल्या या बियांतला आंबटपणा बराच मावळलेला असतो. मात्र त्या आधीच फिकट पिवळ्या असतात आणि ओलही जास्त धरतात, म्हणून 170 चा हिशोब त्यांना लावू नका. त्यांचा आकडा वेगळा टिपून ठेवा.

आणि पैसे खर्च करायचेच असतील, तर ग्राइंडरवर करा. एस्प्रेसोला लागणाऱ्या बारीक दळणात तो किती थोड्या थोड्या फरकाने फिरवता येतो आणि आत पूड किती अडकते, हे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारा. जमलं तर आपल्या बिया आणि काटा सोबत न्या आणि त्याच्यासमोरच 18 ग्रॅम दळून बघा.