पाणी कुठवर पोचलं?

जळगाव, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार

माहेरवाशिणी यायच्या आधी घरोघरी गोधड्या-चादरी धुवायला निघतात आणि दहा वर्षांचं वॉशिंग मशीन नेमकं तेव्हाच बसतं. मग वाद सुरू होतो, दुरुस्त करायचं की नवं आणायचं? मशीनच्या वयावरून हे ठरवणं मला पटत नाही. जिथे जायला नको तिथे पाणी पोचलंय का, ते आधी बघावं.

आधी सेमी घेऊ, म्हणजे धुण्याचा टब आणि पिळायचा ड्रायर वेगळे असलेलं सेमी-ऑटोमॅटिक. वॉशची मोटर नुसती घूं करते, फिरत नाही. प्लग काढून पल्सेटर, म्हणजे टबच्या तळाची फिरती चकती, हाताने फिरवून बघा. तो मोकळा फिरत असेल, खाली चिंधी किंवा पिन अडकलेली नसेल, तर संशय कॅपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा रेटा देणाऱ्या सुट्या भागावर. शे-दोनशेचा माल. बदलताना त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात. जुन्यात करंट साठलेला असतो, तो उतरवल्याशिवाय हात लावू नये. रिकामं मशीन चालतं आणि कपडे टाकले की अडतं, तेव्हा पट्टा सैल झालेला असतो. मोटरचे बोल्ट ढिले करून ती थोडी सरकवली की पट्टा ताणला जातो. भेगा पडल्या असतील तर नवा घाला. ड्रायर जड फिरतो आणि जळका वास येतो, तेव्हा झाकणाशी जोडलेली ब्रेकची तार बघा. झाकण बंद असूनही ब्रेक घासत असतो आणि दोष मोटरला दिला जातो. ही सगळी कोरडी बाजू. इथे नव्या मशीनचा विचारही करू नये.

ओली बाजू वेगळी. ड्रायरच्या दांड्याभोवती रबरी सील असतं. ते फाटलं की पाणी थेंबथेंब खालच्या मोटरवर पडतं, वरचं बेअरिंग गंजतं आणि एक दिवस मोटर जाम होते. सील स्वस्त आहे, मोटर नाही. मागचं कव्हर उघडून मोटरवर पांढरे ओघळ किंवा गंज दिसतो का, ते बघा. नुसते ओघळ असतील तर आजच सील बदला. मोटर गेली आणि खालचा पत्राही कुजला असेल, तर पैसे घालू नका.

फ्रंट लोडमध्ये दार उघडून ड्रम वरच्या कडेला धरून वर-खाली हलवा. ड्रम खडखडला, स्पिनला घरघर वाढली, तर बेअरिंग गेलंय. पण आधी जातं ते बेअरिंगपाशी पाणी अडवणारं ऑइल सील, म्हणून दोन्ही एकदमच बदलावीत. ड्रमबाहेरचा टब दोन तुकडे बोल्टने जोडलेला असेल तर काम होतं. चिकटवून बंद केलेला असेल तर बहुधा अख्खा टब घ्यावा लागतो, आणि तिथे हिशोब फिरतो. ड्रममागचा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर कुजून तुटला असेल, तर मी तरी नवंच घ्या म्हणेन.

मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तेवढा अपवाद: कोरडा, पण महाग. तो गेला असं कुणी सांगितलं तर आधी खालून उंदराने वायरी कुरतडल्यात का ते तपासून घ्या. ‘मोटरवर दहा वर्षं वॉरंटी’ यात बोर्ड सहसा नसतो.

काही बिघाड तर मशीनचे नसतातच. टाकी मशीनच्या जेमतेम मीटरभर वर असेल तर दाब साधारण ०.१ बार मिळतो. फुल्ली ऑटोमॅटिकला तो बहुधा पुरत नाही, नवं आणलं तरी तेच रडगाणं. इनलेटच्या, म्हणजे पाणी आत येतं तिथल्या जाळीत गाळ बसतो, ती ब्रशने साफ करा. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षार चढतात. २००० वॉटच्या हीटरचा रोध (रेझिस्टन्स) मल्टीमीटरवर सुमारे २६ ओहम दिसायला हवा. तसा दिसला तर हीटर बदलू नका. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचंच पाणी हात पोळेल इतकं तापतं, तेव्हा हीटर लागतो कुणाला!

बदलायचंच ठरलं, तर नळाला रोज पाणी नसलेल्या घरात सेमीच बरं. बादलीने भरता येतं, पहिल्या घाण्याचं साबणपाणी दुसऱ्याला चालतं. फुल्ली मात्र पाण्याची वाट बघत एरर दाखवत बसतं.

गोधड्या मात्र हातानेच धुवा. ओली गोधडी ड्रायरमध्ये कोंबली की एका अंगाला बसते, टब धडधडतो आणि कालच बसवलेलं सीलही फाटतं.