मोहर्लीच्या फाटकावर

आईला वाघ बघायचा होता. सत्तराव्या वर्षी तिने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर, पाणवठे मोजकेच उरलेले आणि चंद्रपूर भट्टीसारखं तापलेलं असताना आम्ही ताडोबाला गेलो. पुण्याहून नागपूर, तिथून गाडीने वरोरा, भद्रावती करत मोहर्ली. रात्री कूलरच्या घरघरीत तुटक झोप. त्या दिवसाबद्दल एवढं पुरे.

पहाटे फाटकावर जिप्सींची रांग लागली होती. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइल न्यायचा नाही हा नियम मला फार आवडला. चार तास जंगल डोळ्यांनी बघायचं, यापेक्षा चांगली सक्ती कुठली? आमची गाइड पंचविशीतली मुलगी होती, जवळच्याच एका गावातली. खाकी कपडे, घट्ट वेणी. तिने आईला हात देऊन जिप्सीत चढवलं आणि म्हणाली, "काकू, मधी बसा, गचके कमी लागतील."

फाटकातून आत गेल्यावर पहिला तास सुखाचा गेला. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने जुने दगडी खांब उभे आहेत, ते गोंड राजांच्या काळचे. साग पार निष्पर्ण झालेला, बांबू वाळून पिवळा पडलेला, आणि मधेच कुसुमाची तांबूस पालवी. एक रानगवा रस्त्याच्या कडेला उभा होता, गुडघ्यांपर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा. आमच्याकडे बघत त्याने सावकाश रवंथ केला. चार रानकुत्री धुळीतून दुडक्या चालीने गेली. मी आयुष्यात पहिल्यांदाच रानकुत्री बघत होते. त्यांचा तो विटकरी रंग आणि काळी झुपकेदार शेपटी अजून डोळ्यांसमोर आहे.

मग तेलिया तलावाच्या अंगाने वानरांचा खाकरा, वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला आणि सगळ्या जिप्सी तिकडे धावल्या.

वाघीण आली. बांबूतून बाहेर पडली, काठावर थांबली, वळली आणि उलट्या पावली पाण्यात शिरून बसली. वाघ पाण्यात असा पाठमोरा उतरतो हे मी वाचलं होतं, पण बघताना अंगावर काटा आला. आईने माझं मनगट पकडलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

एव्हाना तिथे दहा-बारा जिप्सी जमल्या होत्या. मागच्या गाडीतले लोक सीटवर उभे राहिले. कुणी ड्रायव्हरला "अजून पुढे घ्या" म्हणून ओरडत होतं, कुणी मोठमोठ्याने हसत होतं. मला याचा मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ते तिचं पाणी होतं. एवढ्या उन्हात तिला दुसरं जवळ कुठे मिळणार होतं?

या सगळ्यात आईच्या एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्या आली नव्हती. आमची गाइड वाघिणीकडे बघत नव्हती. ती शेजारच्या जिप्सीतल्या गाइडला हळू आवाजात काहीतरी विचारत होती. त्याने मान हलवली, तसा तिचा चेहरा उतरला.

"काय गं पोरी, बरं नाही का?" आईने विचारलं.

"नाही जी, बरी आहो." मग थोडं थांबून म्हणाली, "माय बिडीची तेंदूपानं तोडाले गेली आहे. सकाळी चारले निघते. तिकडच्या जंगलात काल वाघीण दिसली म्हणे, पिल्लंवाली. याले विचारलं, काही खबर आहे का म्हणून. नाही म्हणते."

ताडोबाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. त्याच्या भोवती त्याहून मोठा बफरचा पट्टा आहे. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, तेंदू आहे, आणि वाघही आहेत. आम्ही यायच्या काही दिवस आधी, १० मे २०२५ रोजी, याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या होत्या. मी ती बातमी पुण्यात वाचली होती. वाचून बॅग भरली होती.

"मग कशाला जाऊ देतेस तिला?" आई म्हणाली. तिच्या आवाजात जरब होती, ती माझ्याशी बोलते तशीच.

"पंधरा दिवसाचा तर सीजन रायते, काकू. तेवढ्यात बियाण्याचे पैसे निघते. अन् मी नाही म्हटलं तरी ते ऐकते काय?" तिने समोर बघितलं. "वाकून पानं तोडा लागते. वाकलं माणूस वाघाले माणूस नाही वाटत. म्हणून मी तिले सांगतो, मधात मधात उभी राय, बोलत राय."

आम्हाला सकाळपासून उलटं सांगितलं जात होतं. उभे राहू नका, बोलू नका.

वाघीण पाण्यातून उठली आणि बांबूत गेली. जिप्सी पांगल्या. आमच्या ड्रायव्हरने विचारलं, अजून एक वाघ मिळतो का बघायचा? आई म्हणाली, नको, पण तलाव दाखव. ताडोबा तलावाच्या काठावर मगरी ओंडक्यांसारख्या पडल्या होत्या. तिथेच मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांच्या गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा सांगतात. त्याच्यावरूनच ताडोबा. पौषात आदिवासी त्याच्या पूजेला येतात. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून येत आले आहेत. मुलीने जिप्सीतूनच हात जोडले आणि डोळे मिटले. आईनेही जोडले. परतेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. एक नवरंग पक्षी रस्त्यात उतरला होता, तोही मुलीने नुसता बोट करून दाखवला.

फाटकावर जिप्सी पुरती थांबायच्या आतच ती उडी मारून उतरली आणि टपरीकडे पळाली. तिचा फोन तिथल्या बाईकडे ठेवलेला असायचा. दुपारच्या फेरीचे काही लोक आधीच येऊन बसले होते. त्यांनी आईला घेरलं, "दिसला का? दिसला का वाघ?"

"थांबा हो जरा," आई म्हणाली. तिची नजर टपरीवर होती.

मुलीने एकदा फोन लावला, कापला, परत लावला. पाठमोरी उभी होती, एक हात टपरीच्या बांबूला धरून. मग तिचा आवाज आला, एकदम मोठा, रागावलेला.

"अव माय, फोन काऊन नाही उचलत? ... पानं मोजून द्याले फळीवर आहे? ... हं. हं. कितीक पुडे झाले?"