शुगरचं अॅप आणि न सापडणारं मशीन : माझा अनुभव

शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, मुलाने पुण्याहून ब्लूटूथवालं ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर तपासायचं मशीन, पाठवलं आणि फोनवर म्हणाला आई, अॅप टाक, वहीची कटकटच नको. अॅप टाकलं, ओटीपी आला, वय-वजन भरलं, सगळं सुरळीत. पुढची गंमत सांगते.

मशीन काही केल्या जोडलंच जाईना. अॅपमध्ये ते चक्र फिरत राहायचं आणि शेवटी "डिव्हाइस नॉट फाउंड". अरे मशीन माझ्या हातात आहे, फोन समोर टेबलावर आहे, आणि तुला सापडत नाही? कस्टमर केअरला फोन लावला तर आधी भाषा निवडा, मग हे दाबा ते दाबा, मग ती ट्यूं ट्यूं, आणि शेवटी जी मुलगी आली ती म्हणाली मॅम, अॅप अनइन्स्टॉल करून परत टाका. टाकलं. परत तेच. पुन्हा फोन केला तर दुसराच माणूस, त्याला सगळं अथपासून सांगा, तो म्हणाला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथमधून पेअर करा. केलं. तिथे "पेअर्ड" असं दिसायलाही लागलं, पण अॅपला त्याचा पत्ताच नाही, अॅप आपलं शोधतंच आहे. मग म्हणाले कंप्लेंट नोंदवली, चोवीस तासात कॉल येईल. तो कॉल अजून यायचाय. मुलाला विचारलं तर तोही रिइन्स्टॉल कर म्हणाला, म्हणजे या सगळ्यांना एकच मंत्र माहीत आहे.

शेवटी चिडून मीच सेटिंगमधली एकेक परवानगी बघत बसले, आणि कारण निघालं लोकेशन! मी लोकेशन कायम बंद ठेवते, बॅटरी खातं आणि मी कुठे आहे याच्याशी यांना काय करायचंय. पण माझा फोन जुना, अँड्रॉइड १० वाला, आणि ११ पर्यंतच्या फोनमध्ये अशी ब्लूटूथ मशीनं शोधायला लोकेशन चालू लागतं म्हणे. १२ पासून "जवळची उपकरणे" अशी वेगळी परवानगी आली आहे, तिला हो म्हणायचं. आता हे "नॉट फाउंड"च्या खाली एका ओळीत लिहायला काय जात होतं? बरं, तेवढ्यानेही भागलं नाही, कारण त्या माणसाने सेटिंगमधून जोडायला लावलेलं आडवं येत होतं. ते तिथून "फरगेट" केलं, मग अॅपच्या आतून पेअर केलं, तर त्याने सहा आकडी पिन मागितला. तो मशीनच्या पाठीवर इतक्या बारीक अक्षरात छापलाय की चष्मा लावूनही दिसेना, मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचला. आणि खट्कन जोडलं गेलं! मुलाला लगेच स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलं "इंजिनिअर कोण?"

आता बाकीचं, आठवेल तसं.

मशीनमधला सेल बदलला की घड्याळ आणि तारीख तपासा. मेडिकलवाल्याने माझा सेल बदलून दिला, वेळ लावताना एएमचं पीएम झालं, आणि माझी सकाळी सातची उपाशीपोटीची शुगर अॅपमध्ये संध्याकाळी सातला जाऊन बसायला लागली. अॅप वेळ मशीनकडून घेतं, फोनकडून नाही. डॉक्टरांनी ग्राफ बघून विचारलं, अहो संध्याकाळी एवढी कमी कशी?

अॅप ते एचबीए१सीचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, अंदाज दाखवतं ना, त्यावर खूश होऊ नका. माझं ६.७ दाखवत होतं, लॅबमध्ये ७.६ आलं. कारण सरळ आहे, मी फक्त सकाळी उपाशीपोटी तपासत होते आणि अॅपला जे आकडे मिळतात त्यांचाच तो हिशोब करतं, जेवणानंतरची शुगर त्याला दिसलीच नव्हती. आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी पण बघते, कधी दुपारी कधी रात्री.

जेवण नोंदवायचा भाग तर मी सोडूनच दिलाय. घावणे नाहीत, कुळथाचं पिठलं नाही, भात आहे तो पण "कप"मध्ये. आमच्याकडे वाट्या! त्यापेक्षा नोट्स म्हणून जागा असते तिथे "दोन घावणे, लग्नाचं जेवण, झोप नाही" असं मराठीत टाइप करते. डॉक्टर आकड्यांपेक्षा तेच आधी वाचतात.

हो, आणि हात साबणाने धुवून कोरडे करूनच टोचा. मे महिन्यात आंबे कापता कापता तपासली तर २८७! घाबरले, हात धुवून लगेच परत बघितली तर १५२. आंब्याचा रस बोटाला होता. तो २८७ अॅपमध्ये जाऊन बसला, आणि मशीनवरून आलेला आकडा माझ्या अॅपमध्ये पुसता येत नाही, म्हणून नोटमध्ये "आंबा" लिहून ठेवलंय. तपासायच्या पट्ट्यांच्या (स्ट्रिप्सच्या) डबीचं झाकण पण लगेच घट्ट लावायचं, आमच्या रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर नक्कीच, दमटपणाने पट्ट्या खराब होतात.

कोणाला ८.४ असा विचित्र आकडा दिसत असेल तर घाबरू नका, युनिट परदेशी लागलंय. १८ ने गुणा, म्हणजे १५१. सेटिंगमध्ये आपल्याकडचं एमजी/डीएल करून घ्या. माझ्या मैत्रिणीने मुलीकडे परदेशात घेतलेल्या मशीनचं युनिट मात्र बदलताच येत नाही, ती रोज गुणाकार करते.

रिमाइंडर वाजत नसेल तर फोनचं बॅटरी सेव्हर त्या अॅपपुरतं बंद करा. आणि पीडीएफ रिपोर्टसाठी पैसे मागत असेल तर देऊ नका, शेवटच्या पंधरा दिवसांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा, आमचे डॉक्टर तेवढंच बघतात.