20 नॅनोमीटरची उडी

हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक धातूच्या पृष्ठभागात दाबून त्याचे काठिण्य मोजणे, म्हणजेच नॅनोइंडेंटेशन, हे माझे रोजचे काम आहे. येथे भार मायक्रोन्यूटनमध्ये आणि खोली नॅनोमीटरमध्ये मोजायची असल्यामुळे शेजारून कोणी चालत गेले तरी त्याची नोंद आलेखावर उमटू शकते, आणि काहीही वेगळे दिसले की आधी यंत्रावर संशय घ्यायचा ही सवय अंगात मुरते. त्या दिवशी या सवयीपायी माझी अख्खी सकाळ वाया गेली.

नमुना टंगस्टनच्या एकस्फटिकाचा, म्हणजे ज्यात सगळे अणू एकाच सलग रचनेत मांडलेले असतात अशा तुकड्याचा होता. त्याच सळईतून कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर मी आधीचे तीन आठवडे मोजमापे घेत होते, आणि भार व खोली यांचे आलेख इतके गुळगुळीत येत होते की वहीत मी त्यांच्यापुढे ‘उत्तम’ असा शेरा मारला होता. नव्या तुकड्यावरचा पहिलाच आलेख मात्र मध्येच तुटला. भार 200 मायक्रोन्यूटनच्या आसपास, म्हणजे जेमतेम 20 मिलिग्रॅम वजनाइतका, झाला तेव्हा टोक 10 नॅनोमीटर आत गेले होते. तेथून भार न वाढताच ते क्षणार्धात आणखी 20 नॅनोमीटर आत घुसले. कोणीतरी दार आपटले असेल असे समजून मी जागा बदलली. पुन्हा उडी. वातानुकूलन बंद केले, तापमान स्थिर होईपर्यंत थांबले, कंपनरोधक टेबल तपासले. उड्या येतच राहिल्या, फक्त प्रत्येक वेळी भार थोडा निराळा असे. शेवटी सिलिकाच्या प्रमाण काचेवर चाचणी घेतली, तर आलेख अखंड आला आणि स्थितिस्थापकता गुणांकही, म्हणजे ताठरपणाचे माप, अपेक्षेप्रमाणे 72 गिगापास्कल निघाला. यंत्र निर्दोष होते.

मग मी जे करायला हवे होते ते केले: भार 100 मायक्रोन्यूटनपर्यंतच नेला आणि काढून घेतला. परतीची रेषा चढत्या रेषेवर तंतोतंत बसली, आणि त्याच टोकाने पृष्ठभाग चाचपून पाहिला तेव्हा तेथे कसलाही खळगा नव्हता. उडी येईपर्यंत धातू कायमचा असा वाकलाच नव्हता. तो स्प्रिंगसारखा दबत होता. उडीनंतरच्या प्रत्येक जागी मात्र स्पष्ट खळगा दिसत होता.

आमचे टोक वापराने झिजून त्याची त्रिज्या सुमारे 200 नॅनोमीटर झाली होती. ती धरून, गोल टोक सपाट पृष्ठभागावर दाबले असता किती ताण येतो हे सांगणाऱ्या हर्ट्झच्या संपर्कसूत्राने उडीच्या क्षणीचे कमाल कर्तन प्रतिबल, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, काढले, तेव्हा उत्तर 14 गिगापास्कल आले, आणि मी आकडेमोड दोनदा तपासली. टंगस्टनचा कर्तन गुणांक, म्हणजे अशा सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, सुमारे 160 गिगापास्कल आहे. म्हणजे हे प्रतिबल त्याच्या अकराव्या भागाइतके होते. निर्दोष स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरवायला किती जोर लागेल याचा अंदाज भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये बांधला होता, आणि त्यात पुढे झालेल्या सुधारणा साधारण याच पट्ट्यात येतात. नेहमीचे धातू त्याहून कितीतरी कमी जोरात वाकतात, कारण त्यांच्यात डिसलोकेशन नावाचे, अणूंच्या मांडणीतले रेषीय दोष आधीपासून असतात, आणि त्यांच्यामुळे थर सहज घसरतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी 1934 मध्ये स्वतंत्रपणे हेच सुचवले होते.

मग माझ्या तुकड्यातले दोष कोठे गेले होते? ते होतेच, पण विरळ. चांगल्या स्फटिकात एका चौरस सेंटीमीटरमधून एक कोटी डिसलोकेशन जात असली, तरी दोन शेजाऱ्यांमध्ये सुमारे 3 मायक्रोमीटर अंतर राहते, आणि उडीपूर्वी माझ्या टोकाच्या संपर्काची त्रिज्या 45 नॅनोमीटरच होती. बहुतेक वेळा टोकाखाली एकही दोष सापडत नसे, म्हणून तो नव्याने निर्माण व्हावा लागे. एक निर्माण झाला की त्यापाठोपाठ पुष्कळ सुटत, आणि टोक कोसळे. अशा वेळी उष्णतेच्या हालचालींमुळे योगायोगालाही वाव राहतो, त्यामुळे प्रत्येक उडीचा भार वेगळा असणे स्वाभाविकच होते.

राहिला प्रश्न जुन्या तुकड्याचा. चौकशीत कळले की तो केवळ अपघर्षकाने घासून चकचकीत केला होता, तर नव्याला शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात विद्युत-पॉलिश दिले होते, म्हणजे न घासता विजेच्या साहाय्याने वरचा थर विरघळवला होता. घासताना वरच्या थरात दोषांची दाटी होते, आणि टोकाला घसरण सुरू करायला तयार दोष मिळतात. उड्या ऑक्साइडचा थर फुटल्यामुळे येत असतील अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. पण हवेतला पातळ ऑक्साइड जुन्या तुकड्यावरही होताच, आणि तेथे एकही उडी नव्हती. तरीही खात्रीसाठी संध्याकाळी जुन्या तुकड्यालाच विद्युत-पॉलिश देऊन घासलेला थर काढून टाकला. पहिल्याच दाबाला, 180 मायक्रोन्यूटनवर, टोक कोसळले.

वहीतल्या ‘उत्तम’ या शेऱ्यावर मी काट मारली आणि शेजारी लिहिले: ‘हे पॉलिशचे मोजमाप आहे, टंगस्टनचे नव्हे.’