इंडियानापोलिसचं तेरावं वळण

शिकागोहून इंडियानापोलिसला आय-६५ महामार्गानं निघालात तर अंतर साधारण तीनशे किलोमीटर, वेळ तीन तास. इंडियाना राज्याचा बराचसा भाग शिकागोच्या एक तास पुढे चालतो, त्यामुळे सकाळी नऊला निघालेली गाडी घड्याळात एक वाजता पोहोचते. म्युझियमच्या वेळा पाहताना हा तास हमखास विसरला जातो. भाड्याची गाडी ताब्यात घेतली की ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचावा, त्यावर लिहिलेली टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासावी. आज ज्या वळणासाठी आम्ही निघालोय, त्याची गोष्ट टायरच्या बाजूच्या भिंतीचीच आहे.

इंडियानापोलिस मोटर स्पीडवे हा शर्यतींचा ट्रॅक मूळ शहरात नाही, शहराला लागून असलेल्या स्पीडवे नावाच्याच गावात आहे. सोळावा रस्ता आणि जॉर्जटाउन रोड जिथे मिळतात तो कोपरा लक्षात ठेवा. म्युझियमला जायचं ते सोळाव्या रस्त्यावरच्या दोन नंबरच्या गेटनं. गाडी एका बोगद्यात उतरते, ट्रॅकच्या खालून जाते आणि थेट ओव्हलच्या, म्हणजे लंबगोल ट्रॅकच्या, पोटात वर येते. बोगद्यातून बाहेर आलात की डाव्या हाताला, नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओव्हलचं पहिलं वळण दिसतं. २००० ते २००७ या काळात फॉर्म्युला वनच्या गाड्या हेच वळण उलट्या दिशेनं घेत, आणि त्यांच्या नकाशावर ते तेरावं होतं.

१९ जून २००५ रोजी याच वळणापायी वीसपैकी चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेत, परतल्या.

टीव्हीवर हे वळण सपाट दिसतं. प्रत्यक्षात डांबर बाहेरच्या भिंतीकडे चढत जातं. कोन ९ अंश १२ मिनिटं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण खालच्या कडेवरून पाहिलं की ट्रॅकची बाहेरची कड डोक्यापेक्षा उंच दिसते. ओव्हलची मांडणी अगदी सोपी आहे: दोन लांब सरळ बाजू सुमारे एकेक किलोमीटरच्या, दोन छोट्या सरळ बाजू दोनशे मीटरच्या आणि प्रत्येकी चारशे मीटरची चार वळणं. सगळं मिळून अडीच मैल. फॉर्म्युला वनचा मार्ग ४.१९२ किलोमीटरचा होता. गाड्या आतल्या अरुंद, वळणावळणाच्या भागातून दक्षिणेकडच्या छोट्या सरळ बाजूवर येत, तिथून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तेरावं वळण घेत आणि तशाच उत्तरेकडे मुख्य सरळ बाजूवर सुसाट निघत.

आता हिशेब मांडू. चारशे मीटरचं वळण काटकोनात वळतं, म्हणजे त्रिज्या सुमारे २५६ मीटर. वेग ताशी ३०० किलोमीटर धरला तर गाडीवर बाहेरच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीनपटीहून थोडं जास्त बळ येतं. सपाट वळणावर ते सगळं आडवं असतं. चढत्या डांबरावर मात्र त्याचा एक भाग गाडीला खाली, रस्त्यात दाबतो. चालकासकट ६०० किलोंच्या गाडीवर हा जादा दाब अडीचशे किलोंच्या वर जातो. विंगांमुळे येणारा हवेचा दाब वेगळाच. वळण उजवीकडचं, म्हणून भार डाव्या चाकांवर. इंजिनची ताकद मागच्या चाकांवर, म्हणून सगळ्यात जास्त सोसतो तो डावा मागचा टायर.

त्या काळात रिम तेरा इंचांची आणि टायरची भिंत उंच होती. सस्पेन्शनचं बरंचसं काम ती भिंतच करायची. ६६ सेंटिमीटर व्यासाचा टायर या वेगात सेकंदाला चाळीस वेळा फिरतो. म्हणजे भिंतीचा प्रत्येक तुकडा सेकंदात चाळीस वेळा दबतो आणि चाळीस वेळा सरळ होतो. भार जास्त आणि हवा कमी असेल तर तो पूर्ण सरळ होण्याआधीच पुन्हा रस्त्याला लागतो. मग भिंतीत लाटा उठतात, त्या लाटांची उष्णता होते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात. एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, या एकाच वळणावर चाकाचे जवळपास दोनशे फेरे, आणि शर्यत ७३ लॅपची. चौदा हजार वेळा हा मार सोसायचा. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगानं धावणाऱ्या, हवा कमी असलेल्या गाडीचा टायर फुटतो तोही याच कारणानं. फरक फक्त प्रमाणाचा.

त्यात २००५ चा नियम आडवा आला. क्वालिफायिंग, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणारी फेरी, आणि शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा. पंक्चर किंवा नुकसान झालं तर, नाहीतर पावसामुळेच बदलता येई. एरवी दर काही लॅपनंतर टायर बदलून वेळ मारून नेता आली असती. ती वाट नियमानंच बंद केली होती.

शुक्रवार, १७ जूनच्या सरावात टोयोटाच्या राल्फ शूमाकरचा डावा मागचा टायर याच वळणावर निकामी झाला आणि गाडी बाहेरच्या भिंतीवर आदळली. आदल्या वर्षी विल्यम्समध्ये असतानाही तो इथेच आदळला होता आणि त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. त्याच शुक्रवारी टोयोटाच्या रिकार्डो झोंटाचाही टायर गेला. बाहेरच्या भिंतीकडे नीट पाहा: काँक्रीटच्या पुढे पोलादी नळ्यांचा थर आणि मधे फोमचे ठोकळे दिसतील. २००२ मध्ये असा अडथळा पहिल्यांदा बसला तो याच ट्रॅकवर.

मिशेलिनचे टायर सात संघांकडे होते: रेनॉ, मॅक्लारेन, विल्यम्स, टोयोटा, बीएआर, रेड बुल आणि सॉबर. ब्रिजस्टोनकडे फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी. ब्रिजस्टोनला एक मोठा फायदा होता. त्यांच्याच मालकीची फायरस्टोन कंपनी इंडी ५०० ला, म्हणजे याच ओव्हलवरच्या पाचशे मैलांच्या शर्यतीला, टायर पुरवते, आणि ती शर्यत तीनच आठवड्यांपूर्वी याच डांबरावर झाली होती. ट्रॅकचं डांबर नुकतंच नव्यानं घालून हिऱ्याच्या पात्यांनी घासलं होतं. त्या बारीक समांतर रेघा टायरला जास्त घट्ट पकडतात, आणि पकड वाढली की टायरच्या भिंतीवरचा ताणही वाढतो. फायरस्टोनला हे आधीच कळलं होतं, मिशेलिनला शुक्रवारी कळलं.

मिशेलिननं फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँहून वेगळ्या घडणीचे टायर मागवले, पण तेही त्याच दोषाचे निघाले. मग कंपनीनं शर्यतीचे संचालक चार्ली व्हायटिंग यांना लेखी कळवलं: तेराव्या वळणावरचा वेग कमी केल्याशिवाय या टायरांच्या सुरक्षिततेची हमी देता येणार नाही. संघांना सांगितलं होतं की पूर्ण वेगात दहा लॅपच्या पुढे जाऊ नका.

सुटकेचे मार्ग कोणते होते ते इथून तपासता येतात. पहिला, वळणाआधी शिकेन घालायचं, म्हणजे वेग तोडणारा नागमोडी अडथळा. फेरारी सोडून नऊ संघ तयार होते. फॉर्म्युला वनचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या संघटनेनं नकार दिला: न तपासलेला अडथळा ऐनवेळी घालायचा नाही, आणि योग्य टायर आणणाऱ्यांवर अन्याय करायचा नाही. दुसरा, मिशेलिनच्या गाड्यांनी या वळणावर स्वतःहून हळू जायचं. हा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. वळणाला एकच वेगवान रेषा आहे आणि बाहेर लगेच भिंत. तीनशेच्या वेगानं येणाऱ्या फेरारीपुढे अर्ध्या वेगातली गाडी ठेवणं म्हणजे टायर न फुटताही अपघात ओढवून घेणं. तिसरा, दर लॅपला पिट लेनमधून जायचं. वळणाच्या आतून जाणारी सपाट पट्टी दिसते ना, तोच तेव्हाचा पिटचा रस्ता. धोका टळला असता, पण ७३ वेळा पिटमधून जाणाऱ्याला शर्यत उरत नाही. चौथा, टायर बदला आणि शिक्षा घ्या. पण बदलायचे कोणते? हातात होते ते सगळे सारखेच.

म्हणून त्या दिवशी माघार घेणाऱ्यांनी बरोबर केलं, असं माझं ठाम मत आहे. टायर बनवणारा स्वतः लिहून देतोय की हा टिकणार नाही. त्यानंतर चालकाला त्यावर बसवणं कोणत्याही स्पर्धेपेक्षा मोठी चूक ठरली असती. लाखाच्या आसपास आलेल्या प्रेक्षकांचा संतापही तितकाच खरा होता. वीसही गाड्या फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यतीआधीच्या सावकाश फेरीला, निघाल्या. त्या लॅपच्या शेवटी पहिल्या जागेवरच्या यार्नो त्रुलीसकट चौदा गाड्या आतल्या पट्टीवरून पिटमध्ये वळल्या. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पाचवी, सातवी आणि शेवटच्या चार जागा एवढ्याच भरलेल्या राहिल्या. बाटल्या ट्रॅकवर पडल्या. पुढे मिशेलिननं तिकिटांचे पैसे परत केले आणि २००६ च्या शर्यतीची २०,००० तिकिटं प्रेक्षकांसाठी विकत घेतली. एफआयएनं मिशेलिनच्या संघांना आधी दोन आरोपांत दोषी धरलं, पण जुलैत तो निर्णय मागे घेतला. २००६ पासून शर्यतीत टायर बदलायची मुभाही परत आली.

मायकेल शूमाकर जिंकला, रुबेन्स बारिकेलो दुसरा, जॉर्डनचा तियागो माँतेरो तिसरा. चौथा आपला नारायण कार्तिकेयन. एकोणिसाव्या जागेवरून निघून, एक लॅप मागे राहून त्यानं पाच गुण मिळवले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाला मिळालेले ते पहिले गुण. सहाच गाड्या होत्या म्हणून ते कमी लेखणाऱ्यांनी हे वळण एकदा पाहावं: ७२ वेळा, एकाच संचावर, बाहेरची भिंत इतकी जवळ असताना, त्यानं गाडी सरळ बाहेर काढली. सहाच्या सहा गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या.

पाहायचं कसं? ट्रॅकवर पायी जाता येत नाही. म्युझियमहून ट्रॅकची बस फेरी मिळते. ट्रॅक दुसऱ्या कामाला दिलेला असेल तेव्हा ती बंद असते, आणि मे महिना जवळपास पूर्ण शर्यतींचाच असतो. म्हणून आधी वेळापत्रक पाहून मगच गाडी बुक करा. बस ओव्हलच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरते. बाहेरची भिंत जवळून पाहायची तर उजवीकडची खिडकी धरा. पहिल्या वळणातून बाहेर पडलात की मागच्या काचेतून वळून बघा: २००५ च्या चालकांना तेरावं वळण जसं समोर दिसायचं, तसं ते तिथून दिसतं. सुरुवातीच्या रेषेवर तीन फुटांची विटांची पट्टी आहे, १९०९ च्या बत्तीस लाख विटांतली उघडी उरलेली. तिथे बस थांबली तर खाली उतरून दक्षिणेकडे पाहा. २०१४ पासूनच्या रोड कोर्सवर, म्हणजे आतल्या वळणावळणाच्या मार्गावर, गाड्या त्या चढत्या डांबरावर जातच नाहीत, आतूनच दोन-तीन घट्ट वळणं घेऊन मुख्य सरळ बाजूवर येतात. वाकडी वळलेली ती नवी पट्टी इथून स्पष्ट दिसते.